गणा सुताराच्या चौदा ओळी

नाना, अन्याय तुमच्यावर झाला. तुमच्या गणा सुतारावरही झाला. गेल्या पोळ्याच्या नव्हे, त्याच्या आधीच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा ते सव्वाअकराच्या दरम्यान, धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या बोळातल्या छापखान्यात, खिडकीकडच्या, अक्षरांचे खिळे ठेवायच्या केसजवळ. साक्षीदार कोणी नव्हता. मालक बाजारात गेले होते आणि तुम्ही पिंपळनेरच्या एस.टी.त बसला होतात. अन्याय मी केला.

पत्रक कसं लिहायचं ते तुम्हीच शिकवलंत. आधी कोणावर, मग कधी, मग कोणी. विशेषणं शेवटी, जागा उरली तर. म्हणून तसंच लिहिलं आहे. विशेषणांना जागा उरणार नाही असं दिसतंय.

आज तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. परवा तुमची शोकसभा झाली. वक्ते पाच होते आणि पाचही जण तुम्हाला निष्कलंक म्हणाले. बेचाळीस सालातला निष्कलंक सैनिक, निष्कलंक कामगार, एकाने तर निष्कलंक शेजारी असंही म्हटलं. मी व्यासपीठाच्या कडेला बसून ऐकत होते आणि मला तुमची तपकीर आठवत होती. केसच्या खणांत ती सांडायची, आणि 'क' उचलावा तर शिंक यायची. शेवटी तुमच्या घरच्या अक्का उठल्या. बायकांच्या रांगेतून, डोक्यावरचा पदर नीट करत, अजिबात आवाज न चढवता म्हणाल्या, "तुम्ही ज्या माणूसनं सांगी राह्यनात, तो मन्हा घरमा कधी राह्यना नही. मन्हा घरमा राहे तो तपकीर ओढे, पत्तामा लबाडी करे, आनि भलता भित्रा व्हता. भरा त्यानी सभा."

सभेत कोणी हसलं नाही. मी हसले, आणि मग मला रडू आवरेना. तुमच्या बायकोने तीन वाक्यांत ते सांगितलं होतं, जे तुम्ही मला दोन वर्षं सांगत होतात.

तुम्हाला सगळं माहीत आहे नाना, पण हे पाक्षिक आज पहिल्यांदाच हाती धरणारा कोणीतरी असतो, त्याला सांगायला हवं. नाना आमच्या छापखान्यातले खिळे जुळवणारे. दिवसभर लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रकं, सरकी-पेंडीच्या जाहिराती जुळवायचे. दुपारी बाकीचे भाकरीचं फडकं सोडून बसले, की स्वतः उभ्या उभ्या दोन घास खाऊन एक कादंबरी जुळवायचे. लिहायचे नाहीत, जुळवायचे. कागद नाही, टाक नाही. डाव्या हातात ओळ धरायची स्टिक, उजव्या हाताने एकेक खिळा उचलायचा, आणि गोष्ट डोक्यातून थेट शिशात. तिचं नाव 'बिनदाराचं गाव'. ती आमच्या चळवळीच्या या पाक्षिकात दीड वर्षं आली. हस्तलिखित असं तिचं कधी नव्हतंच. छपाई झाली की खिळे पुन्हा आपापल्या खणात, कारण दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी बारशाला तेच 'श' आणि 'र' लागणार. जे छापलं गेलं तेवढंच उरलं.

गोष्ट अशी. एका गावाचा कारभार 'थोरले' नावाच्या कोणाच्या तरी हाती जातो. थोरल्यांना कोणी पाहिलेलं नाही, त्यांचे मुकादम मात्र गल्लोगल्ली. थोरले हुकूम काढतात, की ज्याच्या मनात काही नाही त्याला दार कशाला हवं? म्हणून गावातली सगळी दारं काढायची. घराची, न्हाणीची, देवघराची. लोकांनी जेवावं, भांडावं, आजारी पडावं ते सगळं रस्त्यावरून दिसेल असं. दारं काढायच्या कामावर नेमलेला सुतार म्हणजे गणा. तो ते काम मजुरीसाठी करतो आणि बिजागऱ्या खिशात घालतो. शेवटी हाच गणा चोरून एक दार बनवतो आणि भर चौकात उभं करतो. भिंत नाही, घर नाही, नुसती चौकट आणि दार. आणि लोक रांग लावतात. एकेकाने आत जायचं, दार लावून घ्यायचं, क्षणभर उभं राहायचं, बाहेर यायचं. काही बायका तिथून हलायलाच तयार नसतात.

ते प्रकरण आलं त्या आठवड्यात जळगावच्या कापसाच्या जिनांतल्या, आमच्या संघटनेच्या कामगार बायकांनी मला जेवणाच्या सुट्टीत ते तीनदा वाचायला लावलं. कापसाची कुसं केसांत अडकलेली, नाकातोंडावर फडकं. एक म्हणाली, माझ्या घराला दार आहे पण मला ते लावता येत नाही, याचं काय करायचं हे तुझ्या नानाला विचार. मी आले आणि तुम्हाला विचारलं. तिचं वाक्य तुम्ही तसंच्या तसं पुढच्या प्रकरणात एका म्हातारीच्या तोंडी घातलंत, आणि वर मला म्हणालात की हे सुचलं बरं का आज. तुम्ही उचले होतात, नाना. मालकांचा कागद उचलायचात, माझे शब्द उचलायचात, आणि पकडलं की टोपी मागे सारून हसायचात.

मी पहिल्यांदा छापखान्यात आले तेव्हा माझ्या पत्रकात अकरा उद्गारचिन्हं होती. तुम्ही कागद उजेडात धरलात, मोजलीत, आणि केसचा एक खण पुढे ओढून मला दाखवलात. त्यात सातच होती. म्हणालात, यातली चार लग्नपत्रिकांना राखीव. तुझ्या वाट्याला तीन. जिथे खरंच ओरडायचं आहे ती जागा तू ठरव. मी रागाने आठ खोडली. पत्रक पुन्हा वाचलं, तर ते पहिल्यांदाच कोणीतरी ऐकेल असं झालं होतं. त्या दिवसापासून तुम्ही मला 'पत्रकबाई' म्हणायला लागलात. पुढे मला खिळे जुळवायला शिकवलंत. उलटी अक्षरं डावीकडून वाचायची, खाच वर ठेवायची, बोटाने 'घ' आणि 'ध' ओळखायचे. मी एकदा जुळवलेल्या ओळींचं अख्खं ताट, गॅली, जमिनीवर पाडली, तेव्हा तुम्ही माझ्याबरोबर उकिडवे बसून दुपारभर खिळे वेचलेत. रागावला नाहीत. एकदाच म्हणालात, "पत्रकबाई, बठ्ठा खिळा तुनाच शेतस का?" सगळे खिळे तुझेच का, असं.

त्याच शिकवलेल्या हाताने मी तुमच्या चौदा ओळी काढल्या.

नवे पैसे आले त्या वर्षीची, सत्तावन्न सालची गोष्ट. तुम्ही दर पोळ्याला पिंपळनेरला जायचात. अक्कांचं माहेर तिथलं, म्हणून जात असाल असं मी समजत होते. निघताना तुम्ही मला सांगितलंत, की अंक आज छापून होईल, त्यातला पहिला संध्याकाळच्या गाडीने ड्रायव्हरच्या हाती माझ्याकडे पाठव. विसरू नको. असं तुम्ही आधी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, म्हातारा गावाला मिरवणार. मला गंमत वाटली.

मग मी नेहमीप्रमाणे अंकाचं शेवटचं प्रूफ वाचायला घेतलं आणि माझं डोकं फिरलं. तोवर गणा बिजागऱ्या चोरत होता, बढाया मारत होता, ते मी चालवून घेतलं होतं. पण या प्रकरणात गणाने शेजारणीचं घर मुकादमाला दाखवलं होतं. कोणी मारलं नाही, कोंडलं नाही, तरी दाखवलं.

माझी बाजू मी आजही मांडणार आहे. तुम्ही गेलात म्हणून मी वाद सोडणार नाही, आणि सोडलेला तुम्हाला आवडायचाही नाही. त्याच महिन्यात जळगावच्या एका जिनात आमच्यातल्याच एका बाईने बैठकीला आलेल्यांची नावं मुकादमाला दिली होती. सहा जणींना कामावर न घेता दारातून परत पाठवलं. मी तिथे जाऊन भरसभेत त्या बाईला उभं केलं, तिचा खोटेपणा सगळ्यांसमोर वदवून घेतला आणि तिला बाहेर काढलं. आणि पंधरवड्याने त्याच बायकांच्या हाती मी काय द्यायचं? ज्याला त्या आपला म्हणतात तो गणासुद्धा चहाडखोर? मला वाटलं, हे वाचून त्यांचा कणा मोडेल. मला वाटलं, चळवळीला ताठ मानेचा माणूस लागतो. मी घड्याळ पाहिलं, अकरा वाजले होते. चौदा ओळी उचलून बाजूच्या रिकाम्या गॅलीत ठेवल्या आणि त्या जागी माझ्या तीन जुळवल्या. 'चौकातल्या एका चहाडखोर दुकानदाराने तिचे नाव मुकादमाच्या कानी घातले. गणाच्या मुठी वळल्या. त्याने मनोमन शपथ घेतली.' पुढच्या ओळी वर घेतल्या, आणि पानाच्या तळाशी उरलेल्या जागेत पेंडीची जाहिरात.

संध्याकाळी पहिला अंक मी स्वतः स्टँडवर नेऊन ड्रायव्हरच्या हाती दिला. नीट सांभाळून न्या म्हणाले.

पोळ्यानंतर तुम्ही परत आलात. मी भांडायच्या तयारीने आले होते, मुद्दे पाठ करून. तुम्ही केसकडे तोंड करून उभे होतात. म्हणालात, "पाप काढलंस. आता गणा दार कोणासाठी करतो तेवढं मला सांग." मी म्हणाले, जनतेसाठी. तुम्ही मान हलवलीत, जशी गिऱ्हाइकाने चुकीचा कागद पसंत केला की हलवायचात, आणि कामाला लागलात. पुढे पाचोऱ्याच्या एका शिक्षकांचं पत्र आलं, की गणा हा निर्मळ कामगाराचा आदर्श आहे. मी ते तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "मास्तरांना कळव, माणूस चुकला. ते सांगताहेत तो इथे कामाला नाही."

शेवटच्या प्रकरणात चौकातल्या दारापाशी एक जण गणाला विचारतो, हे दार कोणासाठी केलं? आणि गणा काहीच बोलत नाही. ओळीच्या जागी नुसती कोरी जागा आहे. किती जणांनी मला सांगितलं की ती कोरी जागा फार सुंदर आहे. मीही मान डोलावली. आता कळतं की तिथलं उत्तर मी आधीच उचलून बाजूला ठेवलं होतं.

शोकसभेनंतर अक्का मला घरी घेऊन गेल्या. चहा केला, तुमची टोपी खुंटीवर होती तिच्याखाली मला बसवलं, आणि पिंपळनेरची हकिगत सांगितली. मी ती इथे लिहिते आहे ती त्यांना विचारून. बेचाळीस साली तुम्ही पत्रकं वाटायचात. ती एका बाईच्या घरी, ज्वारीच्या कणगीत लपवलेली असायची. तुम्हाला पकडलं. वक्ते म्हणाले तसे हाल वगैरे झाले नाहीत. दोन थपडा बसल्या, आणि तुम्ही तिचं नाव घेऊन घर दाखवलंत. अक्का म्हणाल्या, दोनच. तिसरी उगारायच्या आत. तिचं नाव मी छापणार नाही, ते एकदा घेतलं गेलं तेवढं पुरे. तिला धरून नेलं, चार महिन्यांनी सोडलं, आणि त्यानंतर तिने तुमच्यासाठी दार उघडलं नाही.

दर पोळ्याला तुम्ही पुरणपोळी घेऊन तिच्या ओट्यावर बसायचात. बैल मिरवून परत यायचे, गाव जेवून उठायचं, आणि तुम्ही तिथेच. दार बंद. संध्याकाळी पोळी तिच्या उंबऱ्याशी ठेवून परत. पंधरा वर्षं. त्या वर्षी मात्र तुम्ही अक्कांना म्हणालात, की यंदा तोंडाने नाही सांगणार, छापून आणणार. चारचौघांत तिचं नाव घेतलं होतं, मग कबुलीही चारचौघांत हवी.

रात्री मुक्कामी आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने पोळ्याच्या सकाळी अंक हाती दिला. तुम्ही तो न उघडता तसाच घेऊन ओट्यावर बसलात. चष्मा लावलात आणि बंद दाराशी मोठ्याने वाचायला लागलात. अक्का शेजारी होत्या. गणा शेजारणीच्या चौकटीला गोणपाट ठोकून देतो तिथपर्यंत आलात, पान उलटलंत आणि थांबलात. पुढे माझा दुकानदार उभा होता. मग आतून, पंधरा वर्षांत पहिल्यांदा, तिचा आवाज आला.

"मंग? फुढे वाच ना."

आणि तुम्हाला वाचता येईना. जे छापलं होतं ते खोटं होतं, आणि जे खरं होतं ते छापलेलं नव्हतं. अंकाची घडी करून तुम्ही ओट्यावरून उतरलात. गेल्या पोळ्याला गेला नाहीत. मला म्हणालात, गुडघे दुखतात.

मला हे कधीच का सांगितलं नाहीत, नाना? दोन वर्षं आपण एकाच केसला समोरासमोर उभे होतो. तुम्ही मला माझ्या शुद्धलेखनावरून टोकलंत, चपलांवरून टोकलंत, मी जेवत नाही यावरून टोकलंत. एवढी एक गोष्ट सांगितली असतीत, तर मी पुढच्याच अंकात शुद्धिपत्र छापलं असतं. का, छापलं नसतं? तुम्हाला तेच वाटलं का, की ही पोर आपल्यालाही भरसभेत उभं करेल? खरं सांगायचं तर मलाही आता खात्री देता येत नाही. मरणाच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही मला एकदा विचारलंत, जळगावच्या त्या बाईचं पुढे काय झालं. मी म्हणाले, मला काय ठाऊक, ती काही आपली नव्हे. तुम्ही म्हणालात, "परत यायचं म्हटलं तर तिला दार ठेवलंस का?" मी म्हणाले, नाना, विषय बदलू नका. तो आपला शेवटचा वाद. मी जळगावला गेले की तिचं घर शोधणार आहे, एवढंच ठरवलं आहे. तिने दार उघडलं नाही तर ओट्यावर कसं बसायचं ते तुमच्याकडून शिकायचं राहिलं.

काल छापखान्यात तुमची केस आवरायला घेतली. लगीनसराई आहे, मालकांना खिळे हवेत. त्या पोळ्यापासून ते कुरकुरत होते, की 'ग' आणि 'ण' कुठे गळतात कळत नाही, आणि तुम्ही निरागसपणे म्हणायचात, उंदीर नेत असतील. सगळ्यात खालच्या कप्प्यात, तपकिरीच्या रिकाम्या डब्यांमागे, तुमच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली ती सापडली. चौदा ओळी. चारी बाजूंनी दोऱ्याने पक्क्या बांधलेल्या, एकही खिळा हललेला नाही. धूळसुद्धा नव्हती, म्हणजे तुम्ही त्या मधूनमधून पुसत होतात. मी अक्कांना विचारलं, छापू का. त्या म्हणाल्या, "छाप. त्यानीच बांधी ठेयेल शे ना."

आमच्या काही सोबत्यांना हे पसंत नाही. गेलेल्या माणसाचं उणं छापू नये म्हणतात. पण नाना, तुम्ही माझे जितके लाडके होतात, त्याहून या दोन थपडा कळल्यावर कमी झालात का, हे मी रात्रंदिवस तपासून पाहिलं. झाला नाहीत. उलट आता कळलं की ते दार चौकात का उभं राहिलं. ज्याने कोणाचं दार काढून दिलं नाही त्याला दार करायची गरजच काय? निष्कलंक गणाने नुसती सुतारकी केली असती. पोट भरलं असतं त्याचं.

या तुमच्या चौदा ओळी. जुळवणी तुमचीच, मी फक्त शाई लावली.

'गणाला कोणी मारले नव्हते. कोणी कोंडलेही नव्हते. मुकादम फक्त म्हणाला, तुझे दार आज काढू की आठ दिवसांनी? गणा म्हणाला, आठ दिवसांनी. मुकादम म्हणाला, मग सांग, अजून आडोसा कोणाकडे आहे? गणाने बोट केले. शेजारणीच्या चौकटीला गोणपाट होते. ते त्यानेच सकाळी तिला ठोकून दिले होते, आणि हातोडी अजून त्याच्या हातात होती. तिला नेले तेव्हा ती त्याच्याकडे पाहत गेली. पुढले आठ दिवस गणा दार लावून झोपला. त्याला झोप छान लागली. सांगणाऱ्याला हे सांगायची लाज वाटते, पण छान लागली. नवव्या दिवशी मुकादमाची माणसे आली, तेव्हा त्याने आपले दार स्वतःच्या हाताने काढून दिले, आणि त्याच संध्याकाळी लाकूड शोधायला निघाला.'

येत्या पोळ्याला हा अंक घेऊन मी पिंपळनेरला जाते. ओट्यावर बसून वाचते. तिने पुढे वाच म्हटलं तर या वेळी पुढे आहे.

आणि वाचकहो, आता तुमच्याकडे वळते. तुमच्यापैकी अनेकांनी ते जुने अंक सुतळीने शिवून ठेवले आहेत, मला माहीत आहे. ते काढा. गणा गोणपाट ठोकून देतो त्याच्या पुढचं पान उघडा. वरच्या चौदा ओळी या अंकातून कात्रीने कापा, कणकेची खळ लावा, आणि माझ्या तीन ओळींवर चिकटवा. माझ्या ओळी पूर्ण झाकल्या गेल्या पाहिजेत. नानांच्या ओळी त्या जागेत मावणार नाहीत. कागद समासाच्या बाहेर येईल, वही मिटली तरी दिसत राहील. तो बाहेर आलेला भाग कापू नका.